मुलाकात बंद झाली तेव्हा



या स्मृतिव्याख्यानासाठी मी मागून घेतलेला विषय असा: कोरोनाच्या साथीत तुरुंगातल्या माणसांनी मनावरचा ताण कसा पेलला. त्या दोन वर्षांबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. डॉक्टर, परिचारिका, पायी गावाकडे निघालेले मजूर, घरात कोंडलेली मुलं, सगळ्यांबद्दल लिहिलं गेलं आणि ते लिहायलाच हवं होतं. पण महाराष्ट्रातल्या ६० कारागृहांत तेव्हा ३५ हजारांहून जास्त माणसं होती, आणि त्या कारागृहांची अधिकृत क्षमता होती सुमारे २४ हजार. या माणसांचं काय झालं, हे विचारणारे फार थोडे होते.

मुंबईचं आर्थर रोड कारागृह घ्या. क्षमता तेव्हा होती ८०४. साथ आली तेव्हा आत अडीच हजारांवर कैदी होते. अशा ठिकाणी बराकीत माणसं खांद्याला खांदा लावून झोपतात. रात्री कूस बदलायची तर शेजारच्यालाही हलावं लागतं. त्याच बराकीतल्या टीव्हीवर दिवसभर सांगत होते, एकमेकांपासून सहा फूट लांब राहा, वारंवार हात धुवा, घराबाहेर पडू नका. ऐकणाऱ्याला यातलं काही करणं शक्य नव्हतं. धोका कळतो आहे, उपाय कळतो आहे, आणि उपाय करण्याची मोकळीक मात्र आपल्या हातात नाही, या अवस्थेत माणसाच्या मनाची जी ओढाताण होते तिच्याबद्दल मी बोलणार आहे.

घटनाक्रम थोडक्यात सांगतो. १६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या संसर्गाच्या धोक्याची स्वतःहून दखल घेतली. २३ मार्चला आदेश दिला की प्रत्येक राज्याने उच्चाधिकार समिती नेमावी आणि कोणत्या कैद्यांना तात्पुरत्या जामिनावर किंवा पॅरोलवर सोडता येईल ते ठरवावं. महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ए. ए. सय्यद यांच्या अध्यक्षतेखाली अशी समिती झाली. एप्रिलमध्ये मुंबई, ठाणे, कल्याण, भायखळा आणि येरवडा ही कारागृहं पूर्ण बंद करण्यात आली. आत कुणी यायचं नाही, बाहेर कुणी जायचं नाही. कर्मचाऱ्यांच्या तुकड्या पाडल्या गेल्या आणि पाळीची तुकडी आतच राहू लागली. त्या शिपायांचीही घरं होती, त्यांच्याही घरी म्हातारी माणसं होती, हे विसरू नये. एवढं करूनही मेच्या पहिल्या आठवड्यात आर्थर रोडमध्ये ७७ कैदी आणि २६ कर्मचारी बाधित निघाले. भिंती कितीही उंच असल्या तरी तुरुंगाचा बाहेरच्या शहराशी रोजचा संबंध असतो. दूध येतं, भाजी येते, माणसं येतात.

आता ताणाकडे वळू. बाहेरून पाहताना वाटतं की कैद्याला सगळ्यात मोठी भीती स्वतःला रोग होण्याची असणार. ती होतीच. रात्री कुणी खोकलं की सगळी बराक जागी होणार, हे समजायला कुणाला सांगावं लागत नाही. पण त्या काळातली पत्रं, अर्ज, न्यायालयात मांडलेली गाऱ्हाणी पाहिली, सुटून आलेल्यांनी सांगितलेलं ऐकलं, की त्या भीतीच्याही वर एक काळजी दिसते. घरच्यांची. एरवी घर कैद्याची काळजी करतं. साथीत हे उलटं झालं. मुंबईत, पुण्यात, मालेगावात काय चाललं आहे ते टीव्हीवर दिसत होतं आणि आपली आई, बायको, मुलं त्याच गर्दीच्या वस्तीत आहेत हे आतल्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. ती जिवंत आहेत का, एवढंच त्याला कळायला हवं होतं. आणि नेमकं त्याच वेळी मुलाकात बंद झाली होती.

मुलाकात म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात कधी कुणी आत गेलं नाही त्यांना सहज समजणार नाही. जाळीपलीकडे किंवा काचेपलीकडे उभं राहून काही मिनिटं बोलणं. दोन्हीकडे गलका असतो, अर्धं ऐकू येत नाही. त्यासाठी बाई पहाटे घर सोडते, एसटी किंवा लोकल पकडते, दारात नाव नोंदवते, तासन् तास बसते. कपड्यांची पिशवी देते, खात्यावर थोडे पैसे टाकते. बोलणं होतं ते वकिलाचं, जामिनदाराचं, मुलाच्या फीचं. पण त्या काही मिनिटांवर आतला माणूस पुढचे कित्येक दिवस काढतो. आपण अजून कुणाचे तरी आहोत, याचा त्याच्याजवळ तेवढाच पुरावा असतो.

तो पुरावा काढून घेतला की काय होतं, हे इटलीने साऱ्या जगाला दाखवलं. मार्च २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात तिथे भेटी थांबवल्याची बातमी तुरुंगांत पोहोचली आणि देशभर दंगे उसळले. १३ कैदी मेले, त्यातले ९ एकट्या मोडेना शहरातल्या तुरुंगात. बहुतेकांनी दवाखाना फोडून तिथली औषधं घेतली होती. आपल्याकडे २१ मार्चला कोलकात्याच्या दमदम कारागृहात भेटी बंद होण्यावरून आणि सुटकेच्या प्रश्नावरून हिंसाचार झाला, माणसं मेली. त्याच दिवशी कोलंबियात बोगोटाच्या ला मोदेलो तुरुंगात २३ कैदी मारले गेले. भेटी थांबवण्याची गरज कुणी नाकारत नाही. चूक होती ती आधी काही न सांगता, बदली सोय न करता थांबवण्यात. माहिती नाही तिथे अफवा शिरते, आणि कोंडलेल्या जागेत अफवेला बाहेर जायला वाट नसते.

मुलाकातीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट होती तारीख. कच्च्या कैद्याचं, म्हणजे ज्याचा खटला अजून चालायचा आहे त्याचं सगळं आयुष्य तारखेभोवती फिरतं. तारखेला व्हॅनच्या जाळीतून रस्ता दिसतो. न्यायालयाच्या आवारात बहीण भेटते, डब्यातला घास मिळतो, वकील दोन शब्द बोलतो. निकाल लागो न लागो, काहीतरी पुढे सरकतं आहे असं वाटतं. लॉकडाऊनमध्ये न्यायालयांचं काम तातडीच्या प्रकरणांपुरतं उरलं. कैद्याला प्रत्यक्ष नेणं थांबलं. पडद्यावर हजेरी लागली तर लागली, आणि पुढची तारीख पडली. गुन्हा शाबीत झालेला नाही, शिक्षा झालेली नाही, त्यामुळे ती संपण्याचा दिवसही नाही. असा माणूस दिवस मोजणार तरी कशाचे?

इथे मला इतिहासातलं एक उदाहरण आठवतं, कारण ते याच प्रदेशातलं आहे आणि साथीच्याच काळातलं आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जो साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला तो १८९७ चा, मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या वेळचा. त्याच वर्षी सप्टेंबरात लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. डोंगरी, भायखळा, येरवडा असे तुरुंग त्यांनी पाहिले. काथ्याचं काम केलं, प्रकृती ढासळली. बाहेर पुण्यात प्लेग थैमान घालत होता आणि घर तिथेच होतं. आत त्यांना आधार झाला ग्रंथांचा. मॅक्समुल्लरने पाठवलेली ऋग्वेदाची प्रत वाचायची मुभा मिळाली आणि वेदांतल्या आर्यांच्या मूलस्थानाचा विचार तिथे पक्का होत गेला. सप्टेंबर १८९८ मध्ये मुदतीआधी ते सुटले.

ही कथा आपल्याला प्रिय आहे. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीता-प्रवचनं त्यांनी टिपून घेतली, याही कथा प्रिय आहेत. युरोपात व्हिक्टर फ्रँकल हा मानसोपचारतज्ज्ञ १९४५ मध्ये नाझींच्या छळछावणीत टायफसच्या साथीत सापडला. स्वतः तापाने फणफणलेला असताना हरवलेल्या हस्तलिखिताचे मुद्दे त्याने कागदाच्या चिटोऱ्यांवर पुन्हा मांडले, तीही मोठीच गोष्ट आहे. पण या कथांनी आपल्या मनात एक घातक अपेक्षा रुजवली आहे, असं मला स्पष्ट सांगायचं आहे. तुरुंगातला ताण सोसणं हा जणू माणसाच्या मनोबलाचा, चारित्र्याचा प्रश्न आहे, असं आपण मानू लागलो. टिळकांना आपण कशासाठी आत आहोत हे माहीत होतं, आणि किती दिवस, हेही माहीत होतं. बाहेर त्यांच्यासाठी अर्ज करणारे विद्वान होते. हातात ग्रंथ होता. मोबाईल चोरीच्या आरोपावरून आत आलेल्या, जामिनाची रक्कम भरता न येणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाजवळ यातलं काय होतं?

तरीही त्या मुलाने दिवस काढले. कसे काढले ते पाहण्यासारखं आहे.

काहींनी झोपेने काढले. दिवसा झोपायचं, रात्री जागायचं, म्हणजे वेळ कळत नाही. काहींनी तंबाखूवाचून चिडचिड केली, भांडणं काढली. काहींनी स्वतःच्या अंगावर राग काढला. इंग्लंडच्या तुरुंग निरीक्षकांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. तिथे कैदी महिनोन् महिने दिवसाचे बावीस तासांहून जास्त कोठडीत बंद होते. त्यांनी निरीक्षकांना सांगितलं ते हेच: झोप, कंटाळा, नशा, स्वतःला इजा करून घेणं. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं आहे त्यांत बावीस तासांच्या एकांतवासाला पंधरा दिवसांची कमाल मर्यादा आहे. साथीने ती मर्यादा ओलांडायला निमित्त दिलं. आपल्याकडे नेमकं उलटं घडलं. नवीन कैद्यांसाठी शाळा आणि वसतिगृहांत तात्पुरते तुरुंग उघडले, खारघरची शाळा त्यातलीच, आणि विलगीकरणाच्या नावाखाली तिथे दाटी झाली.

पण बहुतेकांनी त्याहून साध्या आणि चांगल्या वाटा धरल्या. पहाटेची प्रार्थना, नमाज, भजन. त्या वर्षी रमजान एप्रिल-मेमध्ये, कडक लॉकडाऊनमध्येच आला. यार्डात मोजून फेऱ्या मारणं. बराक रोज स्वच्छ धुणं. लिहिता येणाऱ्याने बाकीच्यांचे अर्ज लिहून देणं. राज्यातल्या अनेक कारागृहांत कैद्यांनी मास्क शिवले, आणि बाजारात मास्क मिळत नव्हते त्या आठवड्यांत ते बाहेरच्या लोकांनी वापरले. या कामाकडे मी मजुरी म्हणून पाहत नाही. समाजाला धोका म्हणून ज्याला कोंडलं आहे त्याने समाजाच्या तोंडावरचं कापड शिवावं, यात त्याच्या मनाला जो टेकू मिळाला असेल तो कोणत्याही गोळीने मिळाला नसता. आग्र्याच्या जिल्हा कारागृहात २०१९ मध्ये सुरू झालेला कैद्यांचा रेडिओ भेटी बंद असताना फार उपयोगी पडला. आपलेच लोक बोलतात, आपल्याला समजेल असं बोलतात. हरियाणाच्या तुरुंगांतही पुढे असे रेडिओ सुरू झाले.

या साऱ्यात एक सूत्र दिसतं. माणूस सावरला तो दुसऱ्या माणसामुळे. याचं सार्वजनिक नोंदीतलं सगळ्यात लख्ख उदाहरण तळोजा कारागृहातलं आहे. आदिवासींमध्ये काम करणारे फादर स्टॅन स्वामी ८३ वर्षांचे होते, कंपवाताने त्यांचे हात थरथरत, पेला धरता येत नसे. ऑक्टोबर २०२० मध्ये, साथ ऐन भरात असताना, एल्गार परिषद प्रकरणात त्यांना आत टाकण्यात आलं. पाणी पिण्यासाठी नळी आणि नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. त्याच काळात बाहेरच्या मित्रांना त्यांनी कळवलं की सहकैदी त्यांना जेवायला, आंघोळीला, कपडे धुवायला मदत करतात. आणि एका पत्रात त्यांनी त्या गरीब कैद्यांबद्दल कळकळीने लिहिलं, ज्यांच्यावर आरोप काय आहे हेही त्यांना धड माहीत नव्हतं. मदत घेणारा म्हातारा आणि मदत करणारे सहकैदी, दोघांनाही त्या मदतीने तगवलं. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयापुढे पडद्यावरून बोलताना त्यांनी जे. जे. रुग्णालयात जायला नकार दिला आणि आपल्या माणसांत जाऊ द्या, असं मागणं केलं. पुढे होली फॅमिली रुग्णालयात त्यांना कोरोना झाल्याचं निदान झालं आणि ५ जुलै २०२१ रोजी ते गेले. त्यांच्यावरचा खटला तोवर सुरूही झाला नव्हता. त्या खटल्याबद्दल श्रोत्यांची मतं वेगवेगळी असतील. पण आपल्या माणसांत जाऊ द्या, या मागण्याबद्दल दोन मतं असू नयेत.

आता फोनबद्दल. मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भेटी बंद झाल्यावर काही काळाने कारागृहांनी स्मार्टफोन आणले आणि कैद्यांना घरी व्हिडिओ कॉल करू दिले. यासाठी उच्च न्यायालयापुढे जनहित याचिका चालल्या, निर्देश निघाले. मिळायची ती मोजकी मिनिटं आणि समोर रांग. पण त्या रांगेत असे कैदी होते ज्यांची मुलाकात साथीआधीही कधी येत नव्हती. बिहारच्या, उत्तर प्रदेशच्या, गडचिरोलीच्या आडगावातल्या बायकोला येरवड्यापर्यंत यायला पैसे कुठले? मजुरी बुडवून दोन दिवसांचा प्रवास करायचा, तोही काही मिनिटांसाठी. त्या माणसाने वर्षानुवर्षं घर पाहिलं नव्हतं. साथीत त्याला पडद्यावर आपलं अंगण दिसलं, मुलगा केवढा झाला ते दिसलं. बायकांच्या बाबतीत हे आणखी खरं होतं. आत गेलेल्या बाईला भेटायला घरचे पुरुष सहसा जात नाहीत. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ तुरुंगात राहू शकतं, पण त्याहून मोठी मुलं बाहेर राहतात, मामाकडे, आजीकडे किंवा बालगृहात. त्या आईला फोन म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. जे तंत्र घराघरात, शेतकऱ्याच्या खिशातसुद्धा होतं, ते आत यायला महामारी यावी लागली. ही गोष्ट प्रशासनाने आणि आपण सगळ्यांनी मनाला लावून घ्यायला हवी.

सुटकेचीही बाजू सांगितली पाहिजे, कारण सुटकेच्या आशेनेही ताण वाढवला. मे २०२० मध्ये राज्याने रजेच्या नियमांत बदल करून शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी तातडीच्या पॅरोलची तरतूद केली. सात वर्षांहून मोठी शिक्षा असेल तर आधीच्या दोन रजांवरून तो वेळेत परतलेला असावा, अशी अट होती. ज्याला आधी कधी रजाच मिळाली नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. शेजारचा सुटतो आणि मी सुटत नाही, यामागचं कारण बराकीत कुणी समजावत नव्हतं. राज्यभर दहा हजारांच्या आसपास कैदी सुटले. त्यातल्या काहींना एसटी नाही, रेल्वे नाही, अशा दिवसांत गाव गाठायचं होतं.

आणि काहींनी बाहेर यायलाच नकार दिला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत उत्तर प्रदेशातल्या ९ तुरुंगांतल्या २१ कैद्यांनी पॅरोल नको म्हणून लिहून दिलं. महाराष्ट्रातही असे कैदी निघाले. ७ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं की काही कैदी त्यांच्या सामाजिक परिस्थितीमुळे आणि रोगाच्या भीतीने बाहेर जायला तयार नसतील, त्यांचा विचार व्हावा. हे ऐकून हसणारे लोक मी पाहिले आहेत. त्या कैद्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. बाहेर काम नाही, घरात खाणारी तोंडं आहेत, शेजारी संशयाने पाहणार. त्यात पॅरोलचे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत, म्हणजे परत येऊन तेवढे दिवस पुन्हा काढायचेच. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटलेल्या सगळ्यांना पंधरा दिवसांत हजर व्हायला सांगितलं, तेव्हा मध्यंतरी उभा केलेला संसार मोडून कितीतरी जणांना पुन्हा दारात उभं राहावं लागलं.

देशपातळीवरचे आकडे एकच गोष्ट सांगतात. २०१९ अखेर भारतातल्या कैद्यांपैकी ६९ टक्के कच्चे कैदी होते. २०२० अखेर ते ७६ टक्के झाले, २०२१ अखेर ७७. शिक्षा झालेले पॅरोलवर गेले, नवीन अटका होत राहिल्या, खटले थांबले. २०२१ अखेर एकूण कैद्यांची संख्या साडेपाच लाखांवर गेली आणि तुरुंग क्षमतेच्या १३० टक्के भरले. गर्दी कमी करण्यासाठी एवढी खटपट झाली त्याच काळात गर्दी वाढली. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षांत दीडशेच्या आसपास कैद्यांनी तुरुंगात आत्महत्या केली, आणि वरचे आकडे ज्या सरकारी अहवालांत आहेत त्यांतच हाही आकडा आहे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ मध्ये स्पष्ट लिहिलं आहे की प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्य केंद्र असावं. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत ५०० कैद्यांमागे एक समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ असावा, असं म्हटलं आहे. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तिथल्या मध्यवर्ती कारागृहातले सुमारे पाच हजार कैदी तपासले तेव्हा दर चारांपैकी एकाहून जास्त जणांना, व्यसनं वगळूनसुद्धा, निदान करण्याजोगा मानसिक आजार आढळला होता. हे साथीच्या कितीतरी आधीचं आहे. म्हणजे गरज आधीच माहीत होती. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून महाराष्ट्रातल्या तुरुंगांत समाजकार्यकर्ते पाठवतो आहे. एका कार्यकर्तीने घरी लावलेला एक फोन, वकिलाला दिलेली एक आठवण, यांनी माणूस कसा सावरतो ते त्यांच्या कामातून दिसतं. पण शासनाने स्वतःच्या पगारावर, प्रत्येक कारागृहात ही माणसं नेमायला हवीत. समुपदेशकाचं पद मंजूर असतं, भरलेलं नसतं, ही तक्रार आणखी किती वर्षं करायची?

माझं म्हणणं सरळ आहे. कैद्याला तगवणाऱ्या गोष्टी महाग नाहीत. घरचा आवाज, तारखेची खात्री, आपल्याबद्दल काय ठरलं आहे त्याची माहिती, हाताला काम आणि ऐकून घेणारं एक माणूस. यातल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी कारागृहाच्या अधीक्षकाच्या परवानगीवर अवलंबून आहेत. परवानगी दिली तर मिळतात, नाही दिली तर जातात. साथीत जे झालं ते यामुळेच झालं. पुढे येरवड्यापासून स्मार्ट कार्डावर चालणारे फोन सुरू झाले, ही चांगली गोष्ट आहे. पण ती कुणा अधिकाऱ्याच्या चांगुलपणावर न राहता नियमांत हक्क म्हणून यायला हवी. प्रत्यक्ष भेट थांबवण्याची वेळ आली तर त्याच दिवसापासून फोन मिळेल, आणि भेट का थांबली व कधी सुरू होईल ते प्रत्येक बराकीत समजेल अशा भाषेत सांगितलं जाईल, असं लेखी असायला हवं.

आपण इथे बसलेल्यांपैकी कुणी शिक्षक आहे, कुणी डॉक्टर, कुणी वकील. कारागृहाच्या नियमांत अभ्यागत मंडळाची तरतूद आहे आणि त्यात अशासकीय अभ्यागत म्हणून आपल्यासारख्या नागरिकांची नेमणूक होऊ शकते. त्यांना आत जाता येतं, कैद्यांशी बोलता येतं, नोंदवहीत शेरा लिहिता येतो. आपल्या जिल्ह्यातल्या कारागृहावर असे अभ्यागत नेमले आहेत का, ते शेवटचे कधी आत गेले होते, हे जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. जागा रिकामी असेल तर अर्ज करा.